सुळापासून खांबापर्यंत

राज्यसत्तेचे खरे स्वरूप ओळखण्याचे जे मार्ग इतिहासकाराला उपलब्ध असतात, त्यांत तिच्या खजिन्याचे हिशेब, फौजेची मोजदाद आणि दरबारी कागदपत्रे यांना परंपरेने अग्रस्थान मिळालेले आहे. परंतु ती सत्ता आपल्या प्रजेतील दुबळ्यातल्या दुबळ्या माणसाला शिक्षा कशी करते, कोणत्या अपराधासाठी करते, कोणाच्या हातून करविते आणि ती पाहण्यासाठी किती लोकांना गोळा करते, या प्रश्नांची उत्तरे तिच्या अंतरंगाची जितकी साक्ष देतात तितकी दुसरे कोणतेही दफ्तर देत नाही. देहदंडाच्या ज्या प्रकारांनी मनुष्यजातीच्या स्मृतीवर खोल व्रण उमटविले, त्यांत सुळावर चढविण्याचा प्रकार अतिप्राचीन आणि अतिनिर्घृण होय. त्याचा इतिहास बहुधा राजधान्यांत आरंभतो आणि राजधान्यांतच संपविला जातो. मला तो पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जेथे महाराष्ट्र, गुजरात आणि दादरा-नगर हवेली यांच्या हद्दी एकमेकींना भिडतात त्या तलासरी तालुक्यातील उधव्याच्या आणि शेजारच्या डहाणूच्या रानापर्यंत आणून पोहोचवावयाचा आहे. कारण सूळ नाहीसा झाल्यावर त्याच्या मागची वृत्ती कोठे जाऊन दडली, याचे उत्तर मला तेथेच मिळते.

या शिक्षेची रीत वर्णनाला थोडी आणि विचाराला फार आहे. अणकुचीदार लाकडी वा लोखंडी खांब भूमीत रोवून त्यावर अपराध्याचा देह चढवावयाचा, एवढीच ती रीत. मग तो खांब कोठे देहातून उभा आरपार जाई, कोठे छातीतून निघे, तर कोठे अगोदर प्राण घेऊन नंतर नुसते कलेवर टांगले जाई. जीव घेणे एवढाच हेतू असता तर तलवारीचा एक वार पुरेसा होता. सुळाची योजना करणाऱ्याला मृत्यू लांबवावयाचा असे, तो उंचावर न्यावयाचा असे आणि वेशीपाशी, हमरस्त्यावर किंवा नगरद्वारासमोर मांडावयाचा असे. मरणाऱ्या माणसाच्या वेदनेशी राजाचे जे प्रयोजन असे, त्याहून अधिक प्रयोजन त्या वाटेने बाजाराला जाणाऱ्या, गुरे हाकणाऱ्या आणि सारा भरावयास निघालेल्या माणसांच्या मनात उमटणाऱ्या भयाशी असे. ज्या काळी प्रजेला अक्षरओळख नव्हती त्या काळी राजाज्ञा वाचून दाखविण्याचे हे साधन होते, आणि ती आज्ञा अपराध्याच्या देहावर लिहिली जात होती.

म्हणूनच ज्या ज्या राज्यांना आपली हुकमत दूरवरच्या व अनिच्छ प्रजेवर बसवावयाची होती, त्या त्या राज्यांनी सुळाचा आश्रय केलेला दिसतो. बाबिलोनच्या हम्मुराबीच्या संहितेत परपुरुषासाठी पतीचा घात करविणाऱ्या स्त्रीला ही शिक्षा सांगितली आहे. इ. स. पूर्व ७०१ मध्ये असुर सम्राट सेन्नाखेरिब याने यहुद्यांचे लाखीश नगर जिंकले, तेव्हा त्या विजयाचे जे शिल्पपट त्याने निनेव्हेच्या राजवाड्यात कोरवून घेतले, त्यांत तटाबाहेर सुळावर चढविलेले बंदिवान स्पष्ट दिसतात. आपल्या महालाच्या भिंती अशा दृश्यांनी सजविण्यात त्या सम्राटाला संकोच वाटला नाही, तर भूषण वाटले. इराणच्या दारयवहूने बेहिस्तूनच्या कड्यावर कोरविलेल्या लेखात फ्रवर्तिश नावाच्या बंडखोराचे नाक, कान व जीभ कापल्याचे, त्याचा एक डोळा काढल्याचे आणि त्याला राजद्वारी बांधून ठेवल्यावर सर्व लोकांनी त्याला पाहिल्याचे आवर्जून सांगितले आहे. त्यानंतर एकबताना येथे त्याला सुळी दिले. लोकांनी पाहिले हा उल्लेख तेथे सहज आलेला नाही. ते पाहणे हाच त्या शिक्षेचा गाभा होता.

भारतवर्षही यास अपवाद नव्हते. रात्री घरफोडी करून चोरी करणाऱ्याचे हात तोडून त्याला तीक्ष्ण शूलावर बसवावे, असे मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बळजबरीने स्त्रीपुरुषांचा घात करणारे, वाटा व घरे अडवून लुटणारे आणि राजाचे हत्ती, घोडे व रथ यांची हिंसा वा चोरी करणारे यांना शूलारोपणाचा दंड आहे. परंतु त्याच कौटिल्याने, दंड अतितीव्र झाला तर प्रजा उद्विग्न होते, अतिमृदू झाला तर राजा अवमानित होतो आणि यथायोग्य असेल तरच तो पूज्य ठरतो, असा विवेक ग्रंथारंभीच सांगून ठेवला. आणि देहदंडाचे क्लेशकारक प्रकार पूर्वाचार्यांच्या शास्त्रांतून आलेले असले तरी ज्यांच्या अपराधात क्रौर्य नाही त्यांना यातनारहित वध हाच धर्म्य होय, असा निर्णयही दिला. राजनीतीच्या या कठोर आचार्यालाही दंडाची मर्यादा हा प्रश्न टाळता आला नाही, ही गोष्ट आपल्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी आणि तिची निंदा करणाऱ्यांनीही सारखीच ध्यानात घेण्याजोगी आहे.

शास्त्रकारांनी जो प्रश्न सूत्रांत मांडला, तो कवींनी व कथाकारांनी माणसाच्या तोंडून वदविला. शूद्रकाच्या मृच्छकटिकात चारुदत्तासारख्या निरपराध पुरुषावर वसंतसेनेच्या खुनाचा आळ येतो. ब्राह्मणाला वध नाही, हद्दपारीच योग्य, असे न्यायाधीश सुचवितात. तरी पालक नावाचा राजा, याच्या गळ्यात वसंतसेनेचे दागिने अडकवा, दवंडी पिटवीत याला दक्षिण स्मशानात न्या आणि सुळी द्या, असे फर्मावितो. वध्यस्थानाकडे जाणाऱ्या त्या मिरवणुकीत राजाचा अविचार, मत्सरी शकाराचे कारस्थान आणि हुकुमाचे ताबेदार असूनही मनाने कोवळे राहिलेले चांडाळ यांचे जे दर्शन घडते, त्यापुढे त्या काळच्या दंडनीतीवर स्वतंत्र टीका लिहिण्याचे कारण उरत नाही. जैन परंपरेतील सुदर्शन श्रेष्ठीच्या कथेत राणीच्या खोट्या आरोपामुळे त्याला सुळाकडे नेले जाते आणि त्या सुळाचेच सिंहासन होते. न्याय राजाकडून मिळणार नाही, तर दैवी चमत्काराकडूनच मिळेल, ही त्या लोककल्पनेमागची व्यथा आहे.

परंतु या सर्वांत अर्थगर्भ कथा महाभारताच्या आदिपर्वातील मांडव्य ऋषीची. मौनव्रत धरून तपश्चर्येला बसलेल्या या ऋषीच्या आश्रमात चोर मुद्देमालासह लपले. राजपुरुषांच्या प्रश्नांना ऋषीने उत्तर दिले नाही. म्हणून चोरांबरोबर त्यालाही सुळावर चढविण्यात आले. तपोबळाने तो जिवंत राहिला, राजाला चूक उमगली, पण सूळ देहातून निघेना, तेव्हा तो कापून टाकावा लागला आणि त्याची अणी देहातच राहिली. असा हा अणीमांडव्य पुढे प्रत्यक्ष धर्माच्या दारी जाऊन उभा राहतो आणि आपल्या कोणत्या पापाचे हे फळ, असे विचारतो. बालपणी कीटकांच्या देहात गवताची काडी खुपसल्याचे हे फळ, असे उत्तर मिळताच तो कडाडतो की एवढ्या लहान अपराधाला एवढा मोठा दंड देणारा धर्म हा स्वतःच दंडनीय आहे. त्याच्या शापाने धर्माला विदुर होऊन दासीच्या पोटी जन्म घ्यावा लागतो, आणि चौदा वर्षांच्या आतील बालकाचे कृत्य पातक म्हणून गणले जाणार नाही, अशी मर्यादाही तोच ऋषी घालून देतो. दंडिताने दंड देणाऱ्याला जाब विचारावा, अपराध आणि शिक्षा यांचे प्रमाण मागावे आणि अज्ञान बालकाला वेगळे काढावे, ही तिन्ही तत्त्वे सुळाच्या अणीने विद्ध झालेल्या माणसाच्या मुखातून आलेली आहेत. आपल्या बायाबापड्या चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्याचे आजही बोलतात, त्या म्हणीत हाच अनुभव साठविलेला आहे.

ज्या मुलखाकडे ही कथा जाणार आहे, त्याच उत्तर कोकणाच्या किनाऱ्यावर, आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा येथे, सम्राट अशोकाच्या शिलाशासनाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. कलिंगाच्या रक्तपाताने पश्चात्तप्त झालेल्या त्या राजाने देहदंड रद्द केला नाही. परंतु वधाची शिक्षा झालेल्या कैद्यांना तीन दिवसांची मुदत द्यावी, म्हणजे त्यांच्या आप्तांना दयेची याचना करता येईल आणि कैद्यांना परलोकाची तयारी करता येईल, असे त्याने आपल्या स्तंभलेखात नमूद केले. प्राण घेण्यापूर्वी राजसत्तेने थांबावे आणि दुसऱ्याचे ऐकावे, ही कल्पना आपल्याकडे दोन हजार वर्षांहून जुनी आहे. ती टिकली मात्र नाही.

चौदाव्या शतकात मदुरेच्या सुलतान गियासुद्दीनाच्या छावणीत इब्न बतूता गेला, तेव्हा पकडलेल्या हिंदू रयतेच्या खांद्यांवर टोकदार खांब लादून त्यांना छावणीच्या दारांशी नेले जाई आणि त्याच खांबांवर चढविले जाई, त्यांच्या बायकामुलांचीही कत्तल होई, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. सुलतानाचा आश्रित आणि नातलग असूनही त्या प्रवाशाने या कृत्याचा धिक्कार केला आणि असे दुसऱ्या कोणा राजाने केल्याचे आपल्या ऐकिवात नाही, अशा अर्थाचे लिहून ठेवले. पंधराव्या शतकात युरोपातील वालाखियाचा व्लाद याच शिक्षेमुळे कुप्रसिद्ध झाला. १६०६ साली शाहजादा खुस्रो याचे बंड मोडल्यावर जहांगीर बादशहाने लाहोरजवळ मिर्झा कामरानच्या बागेपासून शहरापर्यंतच्या वाटेवर दुतर्फा सूळ रोवविले, त्यांवर खुस्रोच्या साथीदारांना चढविले आणि आपल्याच पुत्राला हत्तीवर बसवून त्या रांगांमधून फिरविले. सुळांचा हा वृत्तांत बादशहाने आपल्या आत्मचरित्रात स्वतः नोंदविला आहे. लाखीशच्या शिल्पपटांपासून जहांगीरच्या रोजनिशीपर्यंत तेवीस शतके उलटली, तरी दंडाची भाषा तीच राहिली.

ही भाषा श्रोत्यांवर नेहमी अपेक्षित परिणाम करीत असे काय? महाराष्ट्राच्या इतिहासाने या प्रश्नाला जे उत्तर दिले ते निःसंदिग्ध आहे. १६८९ च्या मार्चमध्ये औरंगजेबाने छत्रपती संभाजी महाराजांचे हालहाल करून प्राण घेतले, ते सुळावर नव्हे, तरी त्या मृत्यूची योजना सुळाच्याच तत्त्वावर झाली होती. आधी विदूषकी पोशाखात उंटावरून धिंड, मग यातना, मग शिरच्छेद, आणि त्यावरही समाधान न होता मस्तक दख्खनच्या शहरांतून वाद्यांच्या गजरात फिरविणे, हा सर्व खटाटोप मराठ्यांनी पाहावे आणि भ्यावे यासाठी होता. मराठ्यांनी पाहिले; आणि पुढची अठरा वर्षे, बादशहा अहमदनगरास मरण पावेपर्यंत, त्यांनी त्याला दख्खनमधून परत जाऊ दिले नाही. भयाने वश होणारी प्रजा आणि भयानेच पेटून उठणारी प्रजा यांत भेद कोठे पडतो हे कोणत्याही बादशहाला अगोदर कळत नाही, आणि म्हणूनच दहशतीचे राज्य वरून बलाढ्य दिसले तरी पायाशी नेहमी पोकळ असते.

स्वराज्यात आणि पुढे पेशवाईत दंडाची व्यवस्था कशी होती, हे सांगताना दोन गोष्टी एकत्र सांगाव्या लागतात. गावगाड्याचा बहुतेक न्याय गोतसभेत, वतनदार, बलुतेदार व परगण्याचे हक्कदार यांच्या समक्ष, महजर करून आणि प्रसंगी दिव्य करवून होत असे. त्याचा शेवट बहुधा गुन्हेगारी म्हणजे हरणाऱ्याचा दंड, हरकी म्हणजे जिंकणाऱ्याचा नजराणा, प्रायश्चित्त किंवा बहिष्कार यांत होई, आणि रक्त क्वचितच सांडे. दुसऱ्या बाजूला कडेलोट, हत्तीच्या पायी देणे, तोफेच्या तोंडी देणे, हातपाय तोडणे आणि सुळी देणे हे शब्दप्रयोग त्या काळच्या कागदांत व बखरींत आढळतात, आणि जिवावर बेतणाऱ्या लाभाला मराठी माणूस अद्यापि सुळावरची पोळी म्हणतो. रांझ्याच्या पाटलाने बदअमल केला म्हणून त्याचे हातपाय तोडून त्याचे वतन दूर केल्याचे शिवाजी महाराजांचे पत्र प्रसिद्ध आहे. त्या शिक्षेचे क्रौर्य आपल्याला खुपते. परंतु तीत दुबळ्या रयतेवर हात टाकणारा वतनदार दंडिला गेला, म्हणजे दंडाचा रोख वरून खाली नसून अन्यायाच्या उगमाकडे होता, हे त्या काळी नवीन होते.

ही दृष्टी पुढे मंदावली. उत्तर पेशवाईत एकाच अपराधाला जातिपरत्वे निराळी शिक्षा हा जणू नियमच झाला. ब्राह्मणाला देहदंड नव्हता, त्याला किल्ल्यावर कैदेत घालीत, आणि खालच्या मानलेल्या जातींचे देह मात्र दंडाच्या सर्व प्रकारांना खुले होते. १८०१ साली विठोजी होळकरांना पुण्यात भर वस्तीत हत्तीच्या पायी दिले गेले. ज्या राज्यात रामशास्त्र्यांनी नारायणरावांच्या खुनाबद्दल प्रत्यक्ष राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितल्याची आठवण अजून ताजी होती, त्याच राज्यात तीस वर्षांच्या आत दंड हे पुन्हा सूडाचे साधन झाले होते.

आता डहाणू-तलासरीच्या मुलखाकडे वळू. घाटाखालच्या या रानावर जव्हार व रामनगर येथील राजांचा वचक असे. दमणचे फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, आपल्या गावांना उपद्रव होऊ नये म्हणून रामनगरकरांना चौथाई देत, आणि १६७२ साली जव्हार व रामनगर काबीज झाल्यावर तीच चौथाई शिवाजी महाराजांनी फिरंग्यांकडे मागितली. १७३९ च्या आरंभी चिमाजी अप्पांच्या मोहिमेत डहाणू व तारापूर मराठ्यांच्या हाती आले, १८१८ च्या सुमारास तेथे इंग्रजांचा अंमल बसला. राज्ये बदलली, ठाणी बदलली, चौथाईचे सारा असे नामांतर झाले. वारली, कोकणा, धोडी, दुबळा व काथोडी यांचे रान मात्र पुष्कळ काळ त्यांचेच राहिले, कारण राजसत्तेचा हात तेथवर पोहोचत असला तरी तो सदोदित तेथे टेकलेला नसे.

इंग्रजांनी सूळ बंद केला आणि कायद्याचे राज्य आणले, असे आपल्या शालेय इतिहासात सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. यातनारहित मृत्यूचे यंत्र म्हणून १७९२ साली गिलोटिन स्वीकारणाऱ्या फ्रान्सच्या सेनेने अवघ्या आठ वर्षांनी, १८०० साली, सेनापती क्लेबेर याचा वध करणाऱ्या सुलेमान अल-हलबी या तरुणाचा हात जाळून त्याला कैरोमध्ये जाहीरपणे सुळावर चढविले. स्वदेशात जे रानटी, ते परक्या मुलखात राजकारणास उपयुक्त, ही साम्राज्यांची जुनी रीत आहे, आणि इंग्रजही तिला अपवाद नव्हते. मुंबई इलाख्यात १८२७ साली एल्फिन्स्टन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदेसंग्रह अमलात आला. १८४८ साली इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यांना ठाण्याच्या तुरुंगात, म्हणजे फिरंग्यांनी बांधावयास घेतलेल्या आणि पुढे कारागृह झालेल्या किल्ल्यात, फाशी देण्यात आली. १८५७ च्या सप्टेंबरात साताऱ्यास सतरा जणांना मृत्युदंड दिला, त्यांत काहींना फासावर चढविले, काहींना गोळ्या घातल्या आणि काहींना तोफेच्या तोंडी दिले. ऑक्टोबरात मुंबईच्या मैदानात दोन शिपायांना, त्यांच्या पलटणी समोर उभ्या करून, तोफेने उडविले. सुळाची जागा तोफेने घेतली होती. लोकांनी पाहावे हा आग्रह तोच होता.

१ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंडसंहिता लागू झाली आणि कागदावर एक नवे युग अवतरले. दंड देण्याचा अधिकार सरकारचा, तोही ठरलेल्या अपराधास, ठरलेल्या मर्यादेत, चौकशीअंती. राजा, जहागीरदार, पाटील वा सावकार यांपैकी कोणालाही दुसऱ्याच्या देहावर हात टाकण्याचा हक्क नाही. इतकेच नव्हे, तर कोणाला त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदा राबविले तर कलम ३७४ अन्वये एक वर्षापर्यंत कैद, असे त्या संहितेने जाहीर केले. हा मुलूख तेव्हा ज्यात मोडे त्या ठाणे जिल्ह्यात हे कलम लागू असतानाच डहाणू-उंबरगावच्या जमीनदारांच्या वाड्यांवर त्याचा भंग होत गेला आणि १९४५ पर्यंत तो होत राहिला. जमिनीची मोजणी, रोख सारा, राखीव जंगलाचे कायदे आणि १८७८ चा अबकारी कायदा यांनी वारल्याचे शेत, रान आणि मोहाची दारू ही तिन्ही त्याच्यापासून हिरावली. खावटीच्या धान्यासाठी आणि लग्नाच्या खर्चासाठी तो सावकाराच्या दारी गेला, आणि परत आला तो कुळ होऊन, किंवा परत आलाच नाही.

लग्नासाठी घेतलेल्या थोड्या रुपयांपायी जो गडी बायकोसह सावकाराच्या घरी आमरण राबे, त्याला लग्नगडी म्हणत. बाकीच्या कुळांवर वेठ होती, म्हणजे जमीनदाराचा निरोप येताच आपले पीक तसेच टाकून त्याच्या शेतावर फुकट किंवा मूठभर धान्यावर हजर होणे. या मुलखातील जी गावे आज तलासरी तालुक्यात आहेत, ती तेव्हा उंबरगाव तालुक्यात मोडत. मुंबई सरकारच्या आज्ञेने सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने आदिवासींच्या स्थितीची चौकशी केली. १९३९ साली छापलेल्या त्याच्या अहवालात, वेठीला नकार देणाऱ्यांना मारहाण होते, माणसांना खांबाला बांधून चाबकाने फोडल्याची उदाहरणे आहेत आणि पूर्वी काहींना ठारही केल्याच्या वदंता आहेत, असे त्याने नोंदविले. स्त्रियांच्या अब्रूवरही जमीनदार आपला हक्क मानीत. हे लिहिणारा कोणी बंडखोर नव्हता, सरकारचा नोकर होता, आणि अहवाल सरकारच्याच दफ्तरात जाऊन पडला.

या खांबापाशी मला थांबावेसे वाटते. सुळाचे जे वर्णन मी आरंभी केले, त्यातील मृत्यू वजा केला तर बाकी सर्व येथे उरलेले आहे: भूमीत रोवलेला दांडा, त्याला जखडलेला देह, लांबविलेली यातना, आणि ती पाहण्यासाठी उभी केलेली बाकीची कुळे. एक फरक मात्र फार मोठा आहे, आणि तो खांबाच्या बाजूने नाही. पालक राजाच्या हुकुमाने चारुदत्ताला सुळावर चढविण्याची वेळ येण्यापूर्वी न्यायालयात चौकशी तरी झाली होती, आरोप उच्चारला गेला होता, दवंडी पिटून अपराध सांगितला गेला होता. जमीनदाराच्या खांबाला फिर्याद नव्हती, साक्ष नव्हती, निवाडा नव्हता. फिर्यादी, न्यायाधीश आणि मारेकरी हे एकाच ओट्यावर बसलेले असत, आणि शिक्षेचे कारण अपराध नसून नकार हे असे. राजाचा सूळ हा निदान राजाच्या नावाने उभा असे, तेव्हा त्याचा कलंकही राजाला लागे. खांब हा कायद्याच्या राज्यात, कायद्याच्या समक्ष, फौजदार व मामलेदार यांच्या पाहुणचाराच्या सावलीत उभा होता. आणि ज्या सरकारने सूळ मोडल्याचे श्रेय घेतले, त्याने खांबाची जबाबदारी कधी पत्करली नाही.

तो खांब कोणत्याही कायद्याने उपटला नाही. ज्यांना त्याला बांधले जात होते त्यांनीच तो उपटला. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले, तेथे उंबरगावकडचे काही वारली गेले आणि आपले गाऱ्हाणे मांडून आले. त्यानंतर किसान सभेचे शामराव व गोदावरी परुळेकर या मुलखात फिरू लागले, आणि २३ मे १९४५ रोजी झरी गावी सुमारे पाच हजार वारल्यांची परिषद भरली. वेठ करावयाची नाही, जमीनदाराच्या खासगी शेतावर रोख बारा आणे मजुरीखेरीज राबावयाचे नाही, लग्नगडी म्हणून कोणी राहावयाचे नाही, असे ठराव तेथे झाले. आणि लाल बावट्याचे, म्हणजे किसान सभेचे, लोक जथ्याजथ्याने वाड्यावाड्यांवर जाऊन लग्नगड्यांना मोकळे करू लागले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या दास्याचा शेवट काही आठवड्यांत झाला. या लोकांनी जमीनदारांना खांबाला बांधले नाही. सूड उगविण्याची संधी असता त्यांनी फक्त आपली माणसे सोडवून नेली, आणि दंडाच्या या दीर्घ इतिहासात मला यापेक्षा थोर प्रसंग दिसत नाही.

त्याची किंमत त्यांना द्यावी लागली. गवत कापण्याच्या मजुरीवरून संप उभा राहिला असता १० ऑक्टोबर १९४५ रोजी, गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे अशी अफवा पसरविण्यात आली आणि हजारो वारली तलवाड्याला गोळा झाले. त्यांच्यावर पोलिसांनी गोळीबार केला; जेठ्या गांगड आणि त्याचे साथी असे पाच जण मृत्युमुखी पडले. जमाव तरीही तासन्‌तास हलला नाही, कारण आपल्या बाईंना राखण्यासाठी आपण आलो आहो, अशी त्याची समजूत होती. गोळीबाराचा हेतू लोकांनी भिऊन घरी जावे हा होता. लोकांनी १० ऑक्टोबर हा हुतात्म्यांचा दिवस म्हणून पाळण्यास सुरुवात केली. त्या लढ्याचे वृत्त गोदावरी परुळेकरांनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिले, आणि त्याच्या नावातच त्याचे सार आहे.

पुढची वाटचाल सरकारी राजपत्रांतून सांगता येते. १९५० च्या राज्यघटनेने अनुच्छेद २३ अन्वये वेठबिगारीला बंदी घातली. १८६४ सालच्या कायद्याने न्यायालयांच्या हाती दिलेली फटक्यांची शिक्षा १९५५ साली रद्द झाली. वेठबिगार पद्धतीचे निर्मूलन करणारा स्वतंत्र कायदा मात्र १९७६ पर्यंत यावयाचा राहिला. दरम्यान हद्दीपलीकडे दादरा-नगर हवेलीत फिरंग्यांची अखेरची सत्ता १९५४ च्या पावसाळ्यात कोसळली, आणि ११ ऑगस्ट रोजी कॅप्टन फिदाल्गो आपल्या शिपायांसह उधवा येथे भारतीय अधिकाऱ्यांना शरण आला. त्याला कोणी सुळी दिले नाही, त्याची धिंड काढली नाही. शस्त्रे खाली ठेवून घेतली, एवढेच. परकी अंमलाच्या या कोपऱ्यातील शेवटच्या क्षणी असे रक्त सांडले नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

शिक्षेच्या इतिहासाकडे क्रौर्याच्या साधनांची जंत्री म्हणून पाहिले, तर सूळ गेला, तोफ गेली, फटके गेले आणि माणूस सुधारला, असा सुखकर निष्कर्ष निघतो. डहाणू-तलासरीचा इतिहास हा निष्कर्ष मान्य करू देत नाही. येथे साधने कायद्याने बदलली; पण ती ज्याच्या हाती होती त्याला जाब विचारणारा कोणी उभा राहीपर्यंत दुबळ्याच्या देहावरील मालकी बदलली नाही. अपराध कोणता, पुरावा कोणता, शिक्षेचे प्रमाण कोणते आणि ती देण्याचा अधिकार तुला कोणी दिला, हे प्रश्न ज्या माणसाला निर्भयपणे विचारता येतात त्याच्यापुरताच कायदा खरा असतो. ज्याला ते विचारता येत नाहीत, त्याच्यासाठी अत्यंत सुधारलेल्या दंडसंहितेच्या राज्यातही कोठेतरी एक खांब रोवलेला असतो. म्हणून दंडनीतीच्या प्रगतीचे श्रेय वाटावयाचे झाले, तर ते संहिता लिहिणाऱ्या पंडितांइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, झरीच्या परिषदेत वेठ नाकारणाऱ्या त्या निरक्षर वारल्यांना दिले पाहिजे. आणि तलासरी, डहाणू किंवा अन्य कोणत्याही मुलखात आजही कोणी माणूस कर्जापायी कोंडला जात असेल, तर १८६२ पासून लिहून ठेवलेला कायदा त्याच्या दारापर्यंत नेण्याचे कर्तव्य आपल्या पिढीकडे येते.